पंचेचाळीस मिनिटांची वाट

धुकं असं दाट उतरलं होतं की शेडच्या दारातून फाटकाजवळची तिकिटाची खिडकी दिसत नव्हती, नुसती शीळ ऐकू येत होती. म्हणजे तिकीटवाला आला होता आणि कुलपाशी झटापट करत होता. कुलूप काढताना, अंगण झाडताना, तिकिटं फाडताना हा माणूस शीळ घालायचा, आणि सूर एकदाही जागेवर पडायचा नाही. पाटीवाल्यानं पाठीनं दार ढकललं, दिवा लावला आणि काल उतरवून आणलेल्या पाटीवरचं पोतं बाजूला केलं. लाकूड रात्रभर दव पिऊन फुगलं होतं. अशा लाकडाला खरवडणी लावली की रंग निघत नाही, लगदा होतो. म्हणून त्यानं आधी हीटर चालू केला, पाटी त्याच्यापुढं तिरकी उभी केली, आणि ती वाळेपर्यंत खरवडणीला धार लावत बसला.

वीस वर्षं हेच काम. जिल्ह्यात चार राखीव रानं, दोन पाणथळी, पाच बागा आणि एक उजाड माळ. हिंडायला आलेल्या माणसानं कुठून आत शिरायचं, कुठं वळायचं, कुठं हरणांना त्रास द्यायचा नाही आणि कुठं कुत्रा बांधून न्यायचा, हे सांगणाऱ्या सगळ्या पाट्या याच्या हातच्या. गडद हिरवा रंग, त्यावर पांढरी अक्षरं. अक्षर असं की चष्मा विसरून आलेल्या माणसालाही वाचता यावं. आणि या पाट्यांची एक खोड होती: त्यांच्यावर किलोमीटर नसायचे, मिनिटं असायची. ‘तळ्याकडे: इतकी मिनिटं.’ ‘मनोऱ्याकडे: इतकी.’

ती खोड त्याची नव्हे, बायकोची.

अगदी सुरुवातीला खात्यानं दिलेल्या टेपनं मोजून त्यानं किलोमीटरच लिहिले होते. मग एके दिवशी कडेवर मूल घेतलेली एक बाई पाटीसमोर उभी राहून त्यालाच विचारायला लागली, ‘‘दोन पॉइंट एक म्हणजे किती हो? याला घेऊन जमेल का मला?’’ त्यालाही सांगता येईना. घरी येऊन त्यानं हे बायकोला सांगितलं. ती शिवणयंत्रावर वाकून कुणाच्या तरी पँटीची चेन बदलत होती. तोंडात टाचण्या धरून म्हणाली, ‘‘मिनिटं लिहा की. मिनिटं सगळ्यांच्या मनगटावर असतात.’’

दुसऱ्या दिवशी तो तरातरा तळ्यापर्यंत चालून आला आणि सतरा मिनिटं लिहिणार म्हणाला. तशी तिनं टाचण्या तोंडातून काढल्या.

‘‘सतरा? अहो, तुमच्या टांगा म्हणजे करकोच्याच्या. तुमच्या हिशेबानं निघालेली माणसं तळ्यापर्यंत जीभ बाहेर काढून पोचतील. माणसासारखं माणूस चालवून बघा.’’

‘‘आता माणसासारखं माणूस कुठून आणू?’’

‘‘समोर बसलंय ते काय मेंढरू आहे?’’

किलोमीटरच्या पाट्या काढून त्यानं कोऱ्या फळ्या घेतल्या, आणि तेव्हापासून ते चालू झालं. मंगळवारी रानं बंद असायची आणि तिचं शिवणाचं दुकानही बंद. ती छत्री आणि थर्मास घ्यायची, तो घड्याळ. ती आपल्या चालीनं पुढं, हा मागून. दर दोन वर्षांनी पाट्यांना नवा हात द्यायची वेळ आली की अख्ख्या जिल्ह्यातल्या वाटा दोघं पुन्हा चालायची, आणि ती जितक्या वेळात पोचेल तितकी मिनिटं पाटीवर चढायची. खात्यात कुणी विचारलं तर तो सांगायचा, ‘सरासरी चाल’. घरी ती म्हणायची, ‘‘सगळा जिल्हा माझ्या पायांनी चालतो, आणि पगार मात्र तुम्ही घेता.’’

रान, पाखरं यांचं तिला फारसं काही नव्हतं. तिच्या लेखी मोठं काळं पाखरू म्हणजे कावळा आणि लहान भुरकं म्हणजे चिमणी. बाकीच्यांना नावं ठेवायची गरजच काय, म्हणायची. तिला आवडायचं ते चालणं, आणि चालताना त्याचं डोकं खाणं. कुणाच्या सुनेनं ब्लाउज तीनदा उसवून घेतला, कोण माप देताना पोट आत ओढतं. आधी वाट संपायची, मग गोष्ट.

सव्वा वर्षापूर्वी ती गेली. दुपारी, यंत्रावर बसल्या बसल्या. उशाच्या खोळीची शिवण अर्धी राहिली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं होतं, ‘‘हृदयाची झडप फार दिवसांपासून कामातून गेलेली होती. चार-पाच वर्षं तरी दम लागत असणार त्यांना. तुम्हाला काहीच जाणवलं नाही?’’

‘‘नाही हो,’’ तो म्हणाला होता. ‘‘ठणठणीत होती. दर मंगळवारी माझ्याबरोबर मैलभर चालायची.’’

हे त्यानं मनापासून सांगितलं होतं. पुढचं वर्षभर त्याचा आधार तेवढाच होता, की काही दिसलं असतं तर मी बघितलं असतं. जाणाऱ्यानं कळूच दिलं नाही, त्याला आपण काय करणार.

आणि दुसरा आधार म्हणजे पाट्या. ती गेली पण तिची चाल जिल्हाभर उभी होती. अकरा-बारा ठिकाणी लोक अजून तिच्या पायांनी चालत होते.

त्यावर गदा आली ती नव्या मॅडममुळं. मॅडम चार महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेल्या. वयानं त्याच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी अभिप्रायाची वही त्याच्यापुढं ठेवली. एका शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं, ‘पाटीवर तळं पंचेचाळीस मिनिटांवर आहे असं वाचून आम्ही चाळीस मुलं तळं न बघताच परत नेली. बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, तळं तर पंचवीस मिनिटांवर आहे. मुलं घरापर्यंत रडत गेली.’ त्याच्याखाली कुणा टवाळानं खरडलं होतं, ‘इथल्या पाट्या गोगलगायीनं लिहिल्यात काय?’

‘‘काका, सगळ्या वाटा नव्यानं मोजा,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘तुमच्या पायांनी मोजा. आणि या वेळी नुसता वरून हात मारू नका. इतके थर चढलेत की रंगाचे पोपडे निघतायत. लाकडापर्यंत खरवडा, मग रंगवा. सोमवारपर्यंत निदान तळ्याची पाटी लागली पाहिजे. शाळांच्या सहली सुरू होतील.’’

तो ‘बरं’ म्हणाला. मनात मात्र ठरवून टाकलं होतं: पाटी खरवडू, रंगवू, आणि पुन्हा पंचेचाळीसच लिहू. मॅडमची बदली आज ना उद्या होईलच. गोगलगाय म्हणतात काय! तिची चाल आहे ती. ती पुसायला मी काही मेलो नाही अजून.

पाटी वाळली. त्यानं खरवडणी लावली आणि दोन्ही हातांचा जोर देऊन ओढली. हिरव्या रंगाची लांब साल निघून मांडीवर पडली. पंचेचाळिसातला चार आधी गेला, मग पाच. आणि त्याखालून पांढरं काही डोकावलं.

तो थांबला. बाहीनं भुकटी पुसली.

छत्तीस.

अरे हो, छत्तीस. चार वर्षांपूर्वीचं. इतक्या पाट्या, इतके आकडे, लक्षात राहतात कुठं? आदल्या थरावर पॉलिशपेपर फिरवायचा, वरून हिरवा हात मारायचा, नवा आकडा टाकायचा आणि पुढच्या पाटीकडं वळायचं, ही त्याची नेहमीची रीत. कामचुकारपणा म्हणा हवं तर. लाकडापर्यंत तो कधी गेलाच नव्हता, त्यामुळं जुनं सगळं खाली जसंच्या तसं बसलेलं होतं. मजा वाटून त्यानं आता हात हलका केला आणि प्रत्येक आकड्याचा तुकडा मागं ठेवत थर जपून उलगडू लागला. छत्तिसाखाली तीस निघाले. तिसाखाली सत्तावीस. मग सव्वीस. पुन्हा सव्वीस. पुन्हा सव्वीस. मग सत्तावीस, आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, हात नवखा असतानाच्या गोलमटोल अक्षरांत, सव्वीस.

त्यानं ते एका नजरेत बघितलं, खालून वर. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, सव्वीस, सव्वीस, सत्तावीस, तीस, छत्तीस, पंचेचाळीस.

हीटरचा आवाज तेवढा येत होता.

पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आली ती कारणं. तिसाच्या वर्षी उतारावरची दरड खाली आली होती, वाट निसरडी झाली होती. छत्तिसाच्या वर्षी झाडांच्या मुळांनी फरशा उचलल्या होत्या, म्हणून तिथं पायऱ्या घातल्या. पंचेचाळिसाच्या वर्षी... पंचेचाळिसाच्या वर्षी तिला पाखरांचा नाद लागला होता. जागोजागी थांबायची, बाकावर बसायची, ‘‘थांबा हो, ते पाखरू बघू दे मला’’ म्हणायची. बरं झालं, इतक्या वर्षांनी का होईना हिला रान कळायला लागलं, असं वाटून त्याला कोण आनंद झाला होता.

तो उठला. भिंतीला नऊ पाट्या टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली त्यानं गावातल्या बागेची ओढून काढली. ही बाग म्हणजे तळहातासारखी सपाट. तिथं दरड नाही, मुळं नाहीत, पायऱ्या नाहीत, आणि कबुतरांशिवाय बघण्यासारखं पाखरू नाही. ‘कारंज्याकडे: १९ मिनिटे.’ त्यानं ती वाळू दिली नाही की पोतं अंथरलं नाही. ओल्या लाकडावरच खरवडणी घातली. रंगाचा लगदा झाला, खरवडणी दोनदा घसरून अंगठ्यात गेली.

एकोणिसाखाली चौदा. चौदाखाली बारा. त्याच्याखाली दहा, दहा, दहा.

‘‘काय हो, पाटी खरवडताय की विहीर खणताय?’’ तिकीटवाला दोन कप चहा घेऊन दारात उभा होता. ‘‘दोनदा हाका मारल्या. आणि अंगठ्याचं काय केलंय हे?’’

पाटीवाल्यानं पटकन पोतं ओढून दोन्ही पाट्या झाकल्या, कुणी उघड्या अंगानं पकडल्यासारखा.

‘‘काही नाही. लागलं जरासं.’’

‘‘जरासं? कप धरा. नाही, डाव्या हातानं धरा.’’ तिकीटवाल्यानं खिशातला रुमाल काढून अंगठ्याला गुंडाळला. मग त्यानं पाटीवाल्याच्या तोंडाकडं बघितलं. चहा संपल्यावर कप उचलून निघाला, आणि जाताना शीळही घातली नाही.

चार दिवस पाटीवाल्यानं खरवडणीला हात लावला नाही. माळावरचं फाटक दुरुस्त केलं, पाणथळीवरच्या लाकडी पुलाचे खिळे ठोकले. रात्री घरी शिवणयंत्रावर अजून तीच उशाची खोळ होती, सुई कापडात रुतलेली. इतके दिवस तो तिच्याकडं बघत जेवायचा. आता पाठ करून जेवू लागला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलगी यायची. बसनं तीन तासांवर राहायची, चष्म्याच्या दुकानात कामाला. आल्या आल्या ओट्यावरची भांडी घासायला घ्यायची आणि त्याला रागवायची. या वेळी तिनं पिशवी खाली ठेवायच्या आतच तो म्हणाला, ‘‘तळ्यावर जाऊन येऊ. वाट मोजायचीय.’’

‘‘आज? बाबा, मी आत्ता बसमधून उतरले. आणि हा अंगठा कशानं सुजलाय?’’

‘‘चल तू.’’

तिनं आईची दुर्बीण खुंटीवरून काढून गळ्यात घातली. ती दुर्बीण तिच्याच दुकानातली. अडीच वर्षांपूर्वी त्यानं फोन करून सांगितलं होतं, ‘‘अगं, तुझ्या आईला पाखरांचं वेड लागलंय. एक चांगली हलकी दुर्बीण बघ, मान दुखायला नको.’’ मालकाशी हुज्जत घालून तिनं ती स्वस्तात मिळवली होती.

फाटकाशी त्यानं घड्याळ चालू केलं. धुकं उठलं होतं, तरी झाडांच्या बुंध्याशी अजून गारठा बसून होता. ती पुढं, हा मागून. मुलीची चाल आईसारखी नव्हती, भरभर आणि जरा आपटत चालायची. बोलतही नव्हती. पायऱ्या चढून गेल्यावर पहिला बाक लागला. तिथं ती थांबली.

‘‘इथं बसायची ना आई?’’

‘‘हां. इथंच पहिल्यांदा.’’

ती बसली आणि बाजूची जागा तिनं हातानं झाडली. पाटीवाला उभाच राहिला, वाटेच्या कडेला, तोंड पुढच्या वळणाकडं करून. मग त्याच्या ध्यानात आलं की नेहमीच आपण असे उभे असायचो. ती बसायची आणि आपण इथं उभं राहून घड्याळ बघायचो, ‘‘झालं का बघून?’’ म्हणायचो. या बाकावर आपण एकदाही बसलेलो नाही.

तो बसला.

समोर काटेरी झुडपांची भिंत होती. जुनी, दाट, माणसाच्या डोक्याएवढी. पाणी दिसत नव्हतं, फांदी दिसत नव्हती, आभाळाचासुद्धा एवढासा तुकडा नव्हता. बाक मुळातच चुकीच्या तोंडानं बसवलेला होता, वाटेकडं पाठ करून.

‘‘ती दुर्बीण दे जरा,’’ तो म्हणाला.

त्यानं ती डोळ्यांना लावली. काटे मोठे दिसले. वाळलेली पानं मोठी दिसली. त्यानं डावीकडून उजवीकडं फिरवली, वर नेली, खाली आणली.

‘‘इथून काय दिसतं गं?’’

‘‘कुठं काय दिसतंय बाबा. झुडूप.’’

‘‘तुझी आई इथं बसून दहा-दहा मिनिटं पाखरं बघायची.’’

मुलगी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. मग म्हणाली, ‘‘तुम्ही दुर्बीण दिलीत त्या दिवशी तिचा फोन आला होता. म्हणाली, ‘तुझ्या बाबांनी दुर्बीण आणलीय, आता मला बसायला बहाणा झाला.’ आणि हसली.’’

‘‘बहाणा म्हणाली?’’

‘‘मला वाटलं गंमत करतेय. तुम्ही चालवता फार, म्हणून. मीपण हसले.’’ तिचा आवाज बारीक झाला. ‘‘फोनवर धाप लागलेली असायची तिला. मी म्हणायचे, ‘आई, आधी जिना चढून ये, बस, मग बोल.’ दुकानात गिऱ्हाईक असायचं ना. मला घाई असायची.’’

आता गप्प राहिलं तर कायमचं गप्प राहावं लागेल, हे त्याला कळलं. त्यानं सांगून टाकलं. पाटी, थर, आकडे. दरड आणि मुळं. कारंज्याची सपाट वाट. आकडे तर त्यानं पाढ्यासारखे म्हटले, खालून वर, न चुकता.

मुलीनं त्याच्याकडं तोंड वळवलं.

‘‘म्हणजे तुम्ही मोजत होतात.’’

‘‘हो.’’

‘‘घड्याळ हातात धरून मोजत होतात, बाबा. दर दोन वर्षांनी. आणि लिहून ठेवत होतात.’’

‘‘हो.’’

‘‘रंगवून! पांढऱ्या रंगात! अख्ख्या जिल्ह्यानं वाचलं ते!’’ ती उठली आणि वाटेवर चार पावलं गेली, तशीच परत आली. ‘‘सव्वीसचे पंचेचाळीस झाले, तर माणूस विचारतं, का झाले? तुम्ही पाटी बदललीत. पाटी!’’

सांगण्यासारखं एवढंच होतं की तेव्हा त्याला ते चुकलंय असं वाटलंच नाही. तिच्या चालीवर त्याचा इतका भरवसा होता की ती हळू झाली तेव्हा त्याला वाट लांबल्यासारखी वाटली. पण हे बोलून दाखवायला तोंड उघडलं आणि वेगळाच आवाज आला, त्याला स्वतःलाही अनोळखी. मान खाली घालून, मांड्यांवर दुर्बीण धरून, म्हातारा माणूस हुंदके देऊ लागला. मुलगी उभी राहून बघत होती. तिला त्याच्याजवळ यायला वेळ लागला. आली, बसली, पण खांद्यावर हात काही ठेवला नाही. नुसती चिकटून बसली, लहानपणी बसमध्ये बसायची तशी, आणि तीही रडली.

‘‘तिनं तरी का नाही सांगितलं?’’ मग ती म्हणाली. ‘‘तुमच्याजवळ नाही तर माझ्याजवळ?’’

‘‘मंगळवार बंद झाले असते,’’ तो म्हणाला. ‘‘मी तिला घरातून पाऊल बाहेर टाकू दिलं नसतं.’’

हे खरं असेल की नसेल, कुणास ठाऊक. विचारायचं माणूस राहिलं नव्हतं. आणि खरं असलं तरी त्यानं त्याचं ओझं तसूभर कमी होत नव्हतं. तिला दम लागला ते त्याच्यामागून चालून नव्हे, त्याच्यापुढं चालून. तो सगळा वेळ तिच्या पाठीकडं बघत आला होता.

तळ्यापर्यंत ते गेले. पाण्यात एक करकोचा एका पायावर उभा होता. मुलीनं दुर्बीण लावलीच नाही, आणि त्यानंही मागितली नाही. परत निघताना त्याला घड्याळाची आठवण झाली. ते आपलं चालूच होतं. एक तास बावन्न मिनिटं. त्यानं बटण दाबून सगळं शून्य केलं.

जाताना बसच्या पायरीवरून मुलगी म्हणाली, ‘‘मी बोलले ते...’’

‘‘बरोबर बोललीस,’’ तो म्हणाला. ‘‘जेवून घे पोचल्यावर.’’

सोमवारी सकाळी फाटक उघडायच्या आधी तो एकटा निघाला. करकोच्याच्या टांगा आता करकोच्याच्या राहिल्या नव्हत्या, पायऱ्यांवर गुडघा कुरकुरत होता. बाकाशी तो थांबला नाही. तळ्याच्या काठाला बोट टेकवल्यासारखा पाय टेकवून त्यानं घड्याळ बघितलं. चोवीस. काठावर बसून त्यानं विचार केला. कडेवर मूल असलेल्या बाईचा, शाळेच्या बाईंच्या चाळीस पोरांचा. आणि त्यात चार मिळवली.

शेडमध्ये येऊन त्यानं पाटी लाकडापर्यंत उघडी केली. छत्तीस, तीस, सत्तावीस, ओळीनं सगळे. घाई केली नाही. शेवटचा गोलमटोल सव्वीस निघायला फार वेळ लागला, कारण पहिला रंग लाकडात मुरलेला असतो. फुंकर मारली, ओल्या फडक्यानं पुसली, अस्तर दिलं, हिरवा दिला. दुपारी दोनला पांढऱ्या डब्यात ब्रश बुडवला.

तेवढ्यात मॅडम आल्या, दारातच घुटमळल्या. पाठीमागं जरा लांब तिकीटवाला उभा होता आणि आभाळ बघत होता. त्यानं तोंड उघडलं असणार हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती.

‘‘काका,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘मला माहीत नव्हतं. म्हणजे मिनिटं कुणाची आहेत ते. आत्ता यांनी सांगितलं. तुम्हाला पंचेचाळीस ठेवायचे असतील तर ठेवा. शाळेला मी पत्र लिहीन.’’

आठवड्यापूर्वी हे ऐकलं असतं तर त्यानं बाईच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

‘‘नको मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘ते चुकीचे आहेत. वाट तेवढी लांब कधीच नव्हती.’’

मॅडमना वाटलं, तो कामाबद्दल बोलतोय. त्या हळूच ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. त्यानं श्वास धरला, मनगट पाटीवर टेकवलं आणि लिहिलं: ‘तळ्याकडे: २८ मिनिटे.’ आठाचं पोट जरा ओघळलं, ते नखानं नीट केलं. मग तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ टाकली, ‘वाटेत बसायला बाक आहेत’, आणि लगेच ती फडक्यानं पुसून काढली. बाकांची तोंडं आधी फिरवायला हवी होती.

फोन वाजला. मुलगी.

‘‘काल पोचले ते सांगायचं राहिलं. जेवलात?’’

‘‘हो. तू कुठून बोलतेयस?’’

‘‘दुकानातून. वरच्या मजल्यावरून.’’

‘‘जिन्यानं गेलीस?’’

‘‘मग काय उडत?’’

‘‘दम लागला का?’’

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘नाही बाबा.’’

‘‘खरं सांग.’’

‘‘खरंच नाही. तुम्हाला लागला आज?’’

‘‘जरासा. पायऱ्यांवर. गुडघा आहे तो.’’

‘‘गुडघ्यानं दम लागत नाही, बाबा. गुरुवारी डॉक्टरकडं जायचं. मी येते.’’

‘‘गुरुवारी पुलाचं काम...’’

‘‘मी येते म्हटलं ना.’’

‘‘बरं, ये.’’

फोन ठेवून त्यानं पाटी वाळायला दोन खिळ्यांवर आडवी टांगली. पांढऱ्या रंगाचा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, डब्याच्या काठावर आपटला, पुन्हा बुडवला. ते दुधाळ होईपर्यंत. मग भिंतीकडची कारंज्याची पाटी उचलून हीटरपुढं तिरकी उभी केली. अजून ओलीच होती. ती वाळेपर्यंत स्टुलावर बसून त्यानं खरवडणीला धार लावायला घेतली.